आबांचा कान

छगनआबांचा डावा कान गेला आहे, हे अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे त्यांची मुलगी चारुलता. खुद्द आबांनाही पत्ता नव्हता. असलाच, तर तो त्यांनी स्वतःला लागू दिला नव्हता.

आणि कान जाऊन जाऊन गेला तो कुणाचा, तर छगनआबांचा! धानोऱ्याच्या खात्यापित्या शेतकरी घरातला हा माणूस. कापूस-मिरचीचं सगळं थोरल्या भावाच्या गळ्यात टाकून तरुणपणी लाउडस्पीकरच्या नादी लागला तो लागलाच. आधी लग्नाच्या मांडवात बांबूला कर्णे बांधले. मग माणसाएवढ्या पेट्या आल्या, वराती आल्या, आणि त्या पेट्यांना टेकून आबा पहाटेपर्यंत उभे राहू लागले. पुढे नंदुरबारात होम थिएटरचं दुकान टाकलं. ज्या पेट्यांनी आबांना नाव दिलं त्याच पेट्यांनी त्यांचा कान खाल्ला, असं चारूला वाटायचं आणि त्या पेट्यांचा तिला मनापासून राग यायचा. पण पेट्यांवर रागावून करता काय?

आबांच्या कानाची ख्याती अशी, की एकदा तळोद्याच्या बाजारातून जाताना ते एका परक्याच मांडवात शिरले आणि साउंडवाल्याला म्हणाले, ‘‘भाऊ, तुन्ही एक पेटीनी तार उलटी जोडेल शे.’’ तो आधी गुरकावला. लग्नघरात पाहुण्याने खोड काढावी तसं त्याला झालं. मग गुपचूप जाऊन त्याने तार सुलटी केली आणि मांडवातला पोकळ आवाज एकदम भरून आला. तेव्हापासून धंद्यातली माणसं काही अडलं की म्हणायची, आबांचा कान आणा.

आता होम थिएटर म्हणजे नुसत्या पेट्या टांगणं नव्हे. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि जमिनीवर गडगडाटाचा सबवूफर. बसणाऱ्यापासून कुणी जवळ, कुणी लांब, कुणी पडद्याआड. प्रत्येकाचा आवाज असा कमीजास्त करायचा, की सोफ्यावरच्या माणसाच्या कानाशी सगळे सारखे पोहोचावेत. त्यासाठी सगळे चालवणाऱ्या रिसीव्हर नावाच्या मशीनमधून एकेका स्पीकरला एक ‘खस्स’ असा आवाज सोडतात, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. बाकीचे कारागीर खोक्यातून आलेला माइक सोफ्यावर ठेवतात आणि मशीनच ते मोजून घेतं. आबांनी ते माइक दुकानाच्या खणात टाकून दिलेले. म्हणायचे, कंपनीचा कान कंपनीलाच लखलाभ. ते स्वतः घरमालकाच्या जागेवर बसायचे, डोळे मिटायचे, आणि रिमोट हातात घेऊन एकेक स्पीकर वरखाली करायचे.

सबवूफरची तऱ्हा आणखी निराळी. आबा तो जड डबा उचलून थेट सोफ्यावर, मालकाच्या जागी ठेवायचे, त्यावर एखादं ढोलकीचं गाणं लावायचे आणि स्वतः भिंतीकडेने दोन्ही हातापायांवर रांगत सुटायचे. जिथे कान टेकल्यावर ठेका गोल आणि भरीव लागेल तिथे खडूची खूण करायचे. मग डबा त्या खुणेवर आणून ठेवायचा. पिकल्या मिशांचा हा माणूस दिवाणखान्यात रांगताना पाहून घरातली पोरं हसून लोळायची, आणि आबाही त्यांच्याकडे बघून भुंकून दाखवायचे. पण डबा बसायचा तो तिथेच, आणि बरोबर बसायचा.

चारूने आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि दुकानात आली. आवाज मोजायचं एक मीटर तिने स्वतःच्या हौसेने घेतलं होतं, रिमोटएवढं, टोकाला काळ्या स्पंजचा गोळा असलेलं. आबांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं होतं. ‘‘चांगलं शे. पन गिऱ्हाइकना समोर काढू नको, माय. लोके म्हनतीन, आबा आते काठी टेकीसन चालस.’’ ती हसली होती. मीटर तारांच्या पिशवीत तळाशी गेलं.

ते पहिल्यांदा बाहेर निघालं तळोद्यात, मागच्या हिवाळ्यात. एका डॉक्टरांच्या घरचं काम होतं. आबांनी सगळं लावलं, उठले, आणि चारू सहज त्यांच्या जागेवर बसली तर सगळा आवाज डावीकडून अंगावर आला. तिला वाटलं, आपलाच काहीतरी भास. डॉक्टर आबांना अंगणात चहाला घेऊन गेले तेव्हा तिने मीटर काढलं. डावीकडचे दोन्ही स्पीकर उजव्यांपेक्षा कितीतरी वर होते. तिने ते घाईघाईने खाली आणले. चहा पिऊन आत आलेल्या डॉक्टरांनी सिनेमा लावला आणि म्हणाले, ‘‘वा आबा! मानलं तुमच्या कानाला.’’ आबा मिशीत हसले. चारू मात्र त्यांच्या डाव्या कानाकडे बघत राहिली.

कारण त्याच्या पंधरवडाभर आधी आबांना एकदा भोवळ आली होती आणि कानात दडा बसला म्हणून ते कुरकुरत होते. घरी आई, निर्मलाबाई, वेगळीच रडायची. ‘‘तुन्हा बाप माले उत्तरच देत नई. मी काय बोलनू त्याले, तेच कळत नई.’’ चारूने दवाखान्याचं नाव काढलं तर आबा उसळले. ‘‘मन्हा कान तपासाले डॉक्टर? पहिले त्याना कान मी तपाससू!’’ सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला. तेव्हाच हात धरून न्यायला हवं होतं, हे तिला आता रोज टोचायचं.

तळोद्यानंतर मग हीच रीत पडली. आपल्याकडे काम झालं की घरमालकाने कारागिराला ओट्यावर नेऊन चहा पाजायचा, घर दाखवायचं, दोन सुखदुःखाच्या गोष्टी करायच्या. तेवढ्या वेळात चारू तारा गुंडाळायच्या निमित्ताने मागे राहायची, मीटर काढायची आणि आबांनी वाकडं केलेलं सरळ करायची. सबवूफरला मात्र तिला कधी हात लावावा लागला नाही. तो आवाज छातीनेही ऐकू येतो. तो लावावा आबांनीच. आत येऊन मालक वाहवा करायचा आणि आबा दर वेळी थोडे अधिक ताठ व्हायचे. चारूला वाटायचं, आपण बापाची लाज राखतोय. कधी वाटायचं, आपण बापाला फसवतोय. दोन्ही खरंच होतं, आणि दुसरं जास्त खरं होतं.

नवापूरच्या स्टीफनचं काम आलं ते जानेवारीत. स्टीफन गावीत पोल्ट्रीवाला. त्याच्या लग्नात साउंड आबांचाच होता, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात कर्णे पडले तरी आबांनी ते खांद्यावर धरून गाणी वाजवली होती, ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. आता त्याने घरामागे एक खास खोली बांधली होती. जाड पडदे, खाली गालिचा, पुढे भिंतभर सिनेमाचा पडदा. दारातच त्याने आबांचे हात धरले. ‘‘आबा, मशीन-बिशीन काही लावायचं नाही. तुमचा कान लावा. माझ्या लग्नात लावला होता तसा.’’

‘‘आरे, कान काय पिशवीमा आनेल शे का? तो तं डोकाले चिकटेलच ऱ्हास,’’ आबा म्हणाले, आणि कामाला लागले.

दुपारपर्यंत स्पीकर टांगून झाले. सबवूफरसाठी आबा गालिच्यावर रांगले. स्टीफनची बायको लिडिया तोंडाला पदर लावून हसत होती. पडद्याजवळच्या कोपऱ्यात त्यांनी खूण केली, डबा तिथे ठेवला, आणि ढोल वाजला तो असा गोल, की स्टीफनने नुसती मान डोलावली. मग आबा मधल्या खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि ‘खस्स’ सुरू झालं. चारू भिंतीशी उभी राहून बघत होती. मधला ठीक. उजवा ठीक. डावा आला, आणि आबांचा अंगठा रिमोटवर दाबत गेला, दाबत गेला. मागच्या वेळेपेक्षाही जास्त. तिने ओठ चावला. चहा येऊ दे एकदा, तिने मनात म्हटलं.

चहा आला. पण लिडिया तो ट्रेमध्ये घेऊन आतच आली, सोबत उकडलेल्या अंड्यांची ताटली.

‘‘बाहेर बठूत ना, ओट्यावर,’’ आबा म्हणाले.

‘‘नाही हो आबा,’’ स्टीफन म्हणाला. ‘‘तुम्ही काय परके आहात बाहेर बसायला? इथेच प्या. आणि चहा पिता पिता ऐकू या.’’

चारू म्हणाली, ‘‘स्टीफनभाऊ, आबांना तुमची पोल्ट्री तरी दाखवा ना.’’ पण त्याने तोवर रिसीव्हर सुरूही केला होता. त्याच्याकडे नाताळच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं, त्यांच्या चर्चमधलं, त्यांच्या बोलीतलं. पडद्यावर बायका-माणसं दोन रांगांत उभी होती आणि बरोब्बर मध्ये पांढऱ्या साडीत लिडिया. तिने तोंड उघडलं. आवाज निघाला तो डाव्या कोपऱ्यातून, खिडकीपाशी कुणी दुसरंच गात असावं तसा.

स्टीफनने ताटली पुढे ओढली. त्याने अंडं सोललं. लिडियाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा डाव्या भिंतीकडे. मग म्हणाली, ‘‘पण मी तर मध्ये उभी होते.’’

‘‘नवीन आहे. सवय होईल,’’ स्टीफन घाईने म्हणाला.

‘‘सवय कसली? माझा आवाज तिकडून येतोय.’’ तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. आपलंच गाणं ती ऐकत होती, आणि ते तिला आपल्या जागी हवं होतं.

आबांनी कप खाली ठेवला. ‘‘थांब ताई. देखस मी.’’ ते परत खुर्चीवर बसले. डोळे मिटले. परत ‘खस्स’ सोडलं. आणि डावा आणखी एक घर वर चढवला.

गाणं परत लागलं. आता तर काही विचारूच नका. लिडियाने नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या बोलीत हळूच काहीतरी म्हणाली. तिचे शब्द आबांना कळले नाहीत, पण चेहरा कळला. अशा चेहऱ्याने त्यांच्या कामाकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मान ताठ करून ते म्हणाले, ‘‘चारू, तुन्हं मीटर काढ. दाखाड यास्ले.’’

चारूने पिशवी पायाने मागे सारली. वर्षभर जे लपवलं, ते आज आबाच मागत होते, आणि तेही आपलं खरं आहे अशा भरवशाने.

‘‘काढ ना, माय. ताईना मनले पटनं पायजे.’’

तिने पिशवीतून मीटर काढलं. खुर्चीजवळ धरलं. आबांनी आधी उजवा लावला, मग डावा. आकडा पंच्याहत्तरवरून टुणकन चौऱ्याऐंशीवर गेला. चारूने तो पाहिला आणि म्हणाली, ‘‘बरोबर शे, आबा. दोन्ही पंच्याहत्तर.’’

‘‘देखं ताई?’’ आबा हसले.

पण लिडिया तिच्या खांद्याशी उभी होती. ‘‘अगं, यावर तर चौऱ्याऐंशी दिसतंय,’’ ती म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक!

आबांनी हात पुढे केला. चारूने मीटर दिलं नाही, तेव्हा त्यांनीच ते तिच्या बोटांतून सोडवून घेतलं. खिशातला चष्मा लावला. उजवा लावून पाहिला, डावा लावून पाहिला, परत उजवा, परत डावा.

‘‘बिघडनं वाटस तुन्हं मीटर,’’ ते म्हणाले.

‘‘हा आबा. बिघडनं व्हई,’’ चारू म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तेवढ्यानेच घात केला. ही पोर लहानपणापासून खोटं बोलली की तिचा आवाज असा फुटायचा, आणि ते ओळखायला आबांना एक कानही पुरेसा होता.

त्यांनी चष्मा काढला. ‘‘कव्हयपासून?’’

चारू खाली बसून तारा गुंडाळायला लागली.

‘‘मी काय इचारी ऱ्हायनू?’’

‘‘मागला हिवाळापासून. तळोदाना डॉक्टरना घरपासून.’’

आबांनी त्या स्पंजच्या गोळ्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, ‘‘तसं व्हतं, तं त्या डॉक्टरनी वाहवा कशी करी? त्याना नंतर इतला लोकेस्नी कशी करी?’’ ते खरंच विचारत होते. त्यांना खरंच कळत नव्हतं. चारूने नुसतं तारांच्या पिशवीकडे पाहिलं, आणि आबांना सगळं कळलं. बाहेर ओट्यावरचे सगळे चहा त्यांना एकदम आठवले असावेत.

‘‘कान गया ते गया,’’ ते हळू म्हणाले. ‘‘म्हातारा बैलनाबी जास. पन लोके वाह आबा, वाह आबा म्हनेत, तवय ते तुले म्हनी ऱ्हायंतात. आन् मी मिशीले पीळ दी ऱ्हायंतू.’’

स्टीफन काहीतरी बोलायला गेला, तर त्यांनी हाताने थांबवलं. ‘‘भाऊ, तुम्ही दोन्ही जरा बाहेर बठा. इतली मेहरबानी करा.’’

दोघं गेली. लिडियाच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण काय करून बसलो हे तिला उशिरा कळलं होतं.

आबा खुर्चीवर बसले, मधोमध, पाठ ताठ. उजव्या हाताचं बोट त्यांनी उजव्या कानात घट्ट घातलं आणि डोळे मिटले. ‘‘लाव. डावा मांगला लाव. हाऊ कान एकटा काय आयकस, ते देखू दे माले.’’

‘‘आबा, ऱ्हाऊ द्या ना.’’ पण हे तरी त्यांना कसं ऐकू जाणार?

तिने आवाज खाली आणला, माणूस माणसाशी बोलतो तेवढा, आणि डाव्या मागच्या स्पीकरला ‘खस्स’ सोडलं. खोलीत तो स्वच्छ ऐकू येत होता. दाराबाहेर स्टीफनलाही जात असणार. आबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ते वाट बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

‘‘लाव ना,’’ ते म्हणाले.

तिने एक घर चढवला.

‘‘लाव ना, चारू. माले काय दिनभर वख्त शे का?’’ बोट कानात असल्यामुळे ते नको तितक्या मोठ्याने बोलत होते.

तिने आणखी एक घर चढवला. तिला हुंदका आला, तो तिने दाबला, आणि मग ध्यानात आलं की दाबायचीही गरज नव्हती. आणखी एक घर. आता आबांच्या कपाळाला आठी पडली. पोरगी ऐकत नाही म्हणून रागावून त्यांनी डोळे उघडले, आणि समोर रिसीव्हरच्या काचेवर निळी अक्षरं पेटलेली दिसली. डावा मागचा, चालू. तिचा अंगठा बटणावर होता आणि तोंड रडून वाकडं झालेलं.

त्यांनी कानातून बोट काढलं. काढल्याबरोबर तो सगळा आवाज त्यांच्यावर कोसळला असणार, कारण ते दचकले.

‘‘बंद कर,’’ ते म्हणाले.

तिने बंद केला. बाहेर लांबवर कोंबड्यांचा कालवा चालू होता. त्याच्याकडे आबांनी मान वळवली, उजवा कान पुढे करून, जसं कुणीही एका कानाचा माणूस करतो. गेले कितीतरी दिवस ते अशीच मान वळवत होते. चारूला ते दिसायचं, आणि पाहूनही ती न पाहिल्यासारखं करायची.

मग ते उठले आणि खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली. ‘‘बठ. मीटरवर लाव सगळं. गिऱ्हाइकनं काम अर्ध ठेवानं नसतं.’’

तिने लावलं. डावे खाली आणले, मागचे जुळवले. दोनदा चुकलं, दोनदा परत मोजलं. आबा भिंतीला टेकून उभे होते. सबवूफरपाशी आल्यावर तिने मीटर बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. तो आबांनी ठेवला तसाच राहू दिला.

स्टीफन आणि लिडियाला आत बोलावलं. गाणं लागलं. या वेळी लिडियाचा आवाज पडद्याच्या मधोमध, तिच्या ओठांमधूनच निघाला, आणि बाकीचे दोन्ही बाजूंनी तिच्याभोवती उभे राहिले. खालून ढोलाने सगळ्यांना उचलून धरलं. स्टीफनने आबांकडे पाहिलं.

आबाच म्हणाले, ‘‘माले तं सगळं उजवीकडेच पळी ऱ्हायनं. वाकडं लागस.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘माले वाकडं लागस, म्हनजे बरोबर व्हई.’’ आणि हात जोडून त्यांनी दोघांचा निरोप घेतला.

बाहेर व्हॅनपाशी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. ‘‘चावी दे.’’

व्हॅन नेहमी चारू चालवायची. आबा तिच्या डाव्या हाताला बसायचे, म्हणजे त्यांचा उजवा, चांगला कान तिच्याकडे यायचा, आणि रस्ताभर दोघांच्या गप्पा चालायच्या. घरात अबोल झालेला बाप व्हॅनमध्ये मात्र पहिल्यासारखा बोलतो, याचं तिला बरं वाटायचं. आज आबा चाकामागे बसले. ती त्यांच्या डावीकडे बसली, आणि दार लावल्यावर तिला कळलं की आपण कुठल्या कानाशी बसलो आहोत. त्यांनी ते मुद्दाम केलं की काय, कोण जाणे. पण आज त्यांना काही ऐकायचं नव्हतं, एवढं नक्की.

वाटेतली विसरवाडी मागे पडली. मग तिला राहवेना.

‘‘आबा, मन्हं चुकनं,’’ ती म्हणाली.

आबा रस्त्याकडे बघत होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्यांनी तो जाऊ दिला.

‘‘मी तुम्हले फसाळाले नई करं, आबा. तुम्ही हसेत ना, ते माले आवडे. ते जाऊ नये म्हनीसन करं. आन् दवाखानामा तवयच नेतू तं...’’ पुढचं तिच्याच्याने बोलवलं नाही. पदराने तिने तोंड पुसलं. आबांनी गिअर बदलला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. अगदी हात-दोन हातांवर बाप बसला होता, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला तिच्याजवळ वाट नव्हती. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

पुढच्या वळणावर आबा बोलले, डोळे रस्त्यावरच ठेवून. ‘‘आरसामा दिसनं माले. तू बोली ऱ्हायंती. काय ते आयकू उनं नई.’’

चारूने नुसती मान हलवली, काही नाही अशी.

‘‘थांबनी काबर?’’ आबा म्हणाले. ‘‘बोल ना. आयकू नई येत तं नई. तू बोलत ऱ्हाय, माय. मन्हा बाजूले कोनी तरी बोली ऱ्हायनं, इतलं तं माले दिसू दे.’’

मग ती बोलायला लागली. तळोद्यापासून सुरुवात केली. कोणत्या घरी कोणता स्पीकर किती खाली आणला, ओट्यावरून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा तेव्हा आत तिला कसं व्हायचं, घरी आल्यावर आईच्या नजरेला नजर का देता यायची नाही, ते सगळं तिने अगदी त्यांच्या कानाशी सांगितलं. नंदुरबारचे दिवे दिसायला लागले तरी तिचं सांगून संपलं नव्हतं. आबा अधूनमधून मान डोलावत होते, आणि ती मान नेमकी भलत्याच जागी डोलत होती.